हाताखाली एकही माणूस नसलेला मॅनेजर

लग्नाच्या बायोडेटात हल्ली ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ हे पद वरचेवर दिसू लागलं आहे. पोहे संपत आले की समोरचे काका हमखास विचारतात, ‘हाताखाली किती माणसं आहेत?’ खरं उत्तर बहुतेक वेळा ‘एकही नाही’ असं असतं आणि मग काकांना पुढे काय विचारावं ते सुचत नाही. मुलगी मॅनेजर आहे, पण हाताखाली कुणी नाही. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण कोड लिहीत नाही. कंपनीचा माल विकायलाही जात नाही. मग पगार कशाचा?

काकांचं सोडा. हिंजवडी-खराडीत पाच-सहा वर्षं कोडिंग करून कंटाळलेली आणि ‘आता पीएम (म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर) व्हायचं’ म्हणून महागडे कोर्स लावणारी मुलंही या कामाबद्दल बरीचशी अंधारात असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर कोडिंगमधून सुटका, मोठी खुर्ची आणि दिवसभर नवनव्या कल्पना असतात. त्याच ऑफिसातले इंजिनिअर म्हणतात, पीएम म्हणजे मीटिंग लावणारा प्राणी. आणि एआय आल्यापासून ‘हे पदच आता जाणार’ अशी तिसरी आवई उठली आहे.

## मुळात हे काम आहे तरी काय?

प्रॉडक्ट म्हणजे असंख्य माणसं वापरतात आणि कंपनी सतत बदलत राहते अशी गोष्ट. बँकेचं ॲप, तिकिटाची वेबसाइट, दुकानातलं पैसे आल्याचं सांगणारं स्पीकरचं यंत्र, काहीही. त्यातल्या एकेका सोयीला फीचर म्हणतात. फीचर कसं बांधायचं ते इंजिनिअर ठरवतात. ते कसं दिसेल, बटण कुठे असेल, ते डिझायनर बघतात. उरतात ते अडचणीचे प्रश्न. हे मुळात बनवायचंच कशाला? याच्याऐवजी दुसरं काही का नाही? आणि बनवल्यावर लोकांचं काम खरंच सोपं झालं का? याची उत्तरं शोधायची, आणि ती चुकली तर बोलणी खायची, हे प्रॉडक्ट मॅनेजरचं काम.

मुंबईकरांच्या खिशातलंच उदाहरण घेऊ. लोकलचं तिकीट मोबाइलवर काढून देणारं यूटीएस ॲप मुंबईत २०१४च्या अखेरीस आलं. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेचं हे ॲप. सुरुवातीला गंमत अशी होती, की पैसे मोबाइलवर भरायचे आणि कागदी तिकीट मात्र स्टेशनातल्या एटीव्हीएम यंत्रातून छापून घ्यायचं. म्हणजे खिडकीची रांग चुकली, यंत्राची लागली. २०१५मध्ये कागदाशिवाय चालणारं तिकीट आलं आणि त्याच्यासोबत एक अट आली. स्टेशनच्या आवारात, रुळांच्या जवळ असाल तर हे तिकीट निघणार नाही. तुम्ही कुठे उभे आहात ते जीपीएसवरून ॲपला कळे आणि ते सरळ नकार देई.

दादरच्या पुलावर धावत आलेल्या माणसाला नेमकं तिथेच आठवतं, की तिकीट राहिलं. तो मोबाइल काढतो, ॲप नाही म्हणतं, आणि तो ॲप बनवणाऱ्यांच्या अकलेचा उद्धार करत परत खाली उतरतो. पण ॲप बिघडलेलं नसतं. प्लॅटफॉर्मवर तिकीट निघत असतं, तर आधी कुणी काढलंच नसतं. काळा कोट दिसला की गर्दीत मान खाली घालून दोन बटणं दाबायची, झालं. कुठूनही तिकीट देणं हे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं होतं. अडवायला जास्तीचं काम करावं लागलं. फुकट्याची वाट बंद करण्यासाठी विसराळू पण प्रामाणिक प्रवाशाची थोडी गैरसोय पत्करायची, हा निर्णय कोणत्याही कोडमधून निघत नाही. तो माणसाला घ्यावा लागतो.

गोष्ट इथे संपली नाही. बाहेरच्या बाजूनेही मर्यादा होती. स्टेशनपासून ठरावीक किलोमीटरच्या पलीकडे असाल तरी तिकीट नाही. ती मर्यादा २०२२मध्ये वाढवली आणि २०२४मध्ये काढूनच टाकली. माझ्या मते ती आधीच निघायला हवी होती, कारण घरी चहा पिता पिता तिकीट काढणारा माणूस टीसीला चुकवत नसतो. आवारात अडकलेल्यांसाठी स्टेशनांवर क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की आतही तिकीट निघायचं. फुकट्यांनी त्या कोडचे फोटोच मोबाइलमध्ये साठवून ठेवले आणि टीसी दिसला की बसल्या जागी तिकीट काढू लागले. शेवटी ते कोड मागे घेण्याची पाळी रेल्वेवर आली.

पदनाम काहीही असो, या प्रत्येक वळणावर कुणीतरी बसून ठरवलं आहे, की कुणाची किती गैरसोय चालेल, कुठे भरवसा ठेवायचा, कुठे नाही, आणि अंदाज चुकला की काय मागे घ्यायचं. प्रॉडक्ट मॅनेजरचा दिवस अशाच गोष्टींत जातो. यातला कुठलाही निर्णय कुणाला आंघोळ करताना सुचलेल्या भन्नाट कल्पनेसारखा नाही, हेही ध्यानात घ्या.

## हे पद आलं कुठून?

सॉफ्टवेअरमधून नाही, साबणातून. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिराती बघत असे. त्याची अडचण अशी, की कॅमेची गाठ बाहेरच्या साबणांशी होतीच, पण कंपनीचाच लाडका आयव्हरी साबणही त्याला झाकोळून टाकत होता. कॅमेची काळजी वाहणारं स्वतंत्र असं कुणी नव्हतं. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानी टिपण पाठवलं. प्रत्येक ब्रँडला स्वतःचा माणूस हवा, त्याने कुठे माल जातोय आणि कुठे पडून राहतोय ते बघावं, कारण शोधायला त्या भागात जाऊन दुकानदारांना भेटावं, उपाय आखावा आणि निकालाची जबाबदारी घ्यावी, असा त्याचा आशय. कंपनीने ते मानलं. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये चक्क अमेरिकेचा संरक्षणमंत्री. साबण विकणाऱ्याच्या हाती पेंटागॉन, हा वेगळाच विषय आहे.

आपल्या कामाचं आहे ते एवढंच, की टिपणात त्या माणसाकडे कारखाना दिलेला नव्हता आणि विक्रेत्यांची फौजही नव्हती. त्याच्याकडे होती ती एका साबणाची चिंता.

## ‘प्रॉडक्टचा सीईओ’ म्हणतात ते?

हे वाक्य प्रत्येक कोर्सच्या जाहिरातीत सापडतं. ते पसरलं बेन होरोविट्झ यांच्या एका टिपणामुळे. नव्वदच्या दशकात ते नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत असताना तिथल्या प्रॉडक्ट मॅनेजरांना काम समजावं म्हणून ते लिहिलं गेलं होतं. पुढे ते लोकांसमोर ठेवताना होरोविट्झ यांनीच वर इशारा जोडला, की हे पंधरा वर्षांपूर्वीचं आहे आणि आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरांना बहुधा लागू पडणार नाही. इशारा कुणी वाचला नाही. वाक्य मात्र तोंडातोंडी झालं.

सीईओ माणूस नेमू शकतो, काढू शकतो, पैसे इकडचे तिकडे फिरवू शकतो. प्रॉडक्ट मॅनेजरला यातलं काहीच करता येत नाही. तिच्या टीममधले इंजिनिअर इंजिनिअरिंगच्या मॅनेजरला उत्तर देतात, डिझायनर डिझाइनच्या प्रमुखाला. त्यांची पगारवाढ, बढती, रजा यांत तिची सही लागत नाही. ‘मी सांगते म्हणून करा’ हे वाक्य तिने एकदा वापरलं, तर दुसऱ्यांदा वापरायची वेळ येत नाही.

तिची जागा खरं तर हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीची आहे. सोसायटीच्या फंडात पैसे बेताचे. तिसऱ्या मजल्यावर गळती आहे, लिफ्ट महिन्यातून दोनदा अडकते, रंगाला दहा वर्षं झाली, आणि अध्यक्षांना गेटवर ग्रॅनाइट हवं आहे. गळतीवाले रोज भेटतात म्हणून त्यांचं काम सगळ्यात मोठं वाटतं. लिफ्टबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण आठव्या मजल्यावरच्या आजींनी खाली उतरणंच सोडलं आहे. सेक्रेटरी कुणालाही हुकूम देऊ शकत नाही. प्लंबरलाही नाही, तो त्याच्या वेळेने येतो. त्याने करायचं काय, तर घरोघरी जाऊन नीट माहिती काढायची, खर्चाचे आकडे मांडायचे, यंदा लिफ्ट आणि गळती, रंग पुढच्या वर्षी, असं ठरवायचं आणि सभेत सगळ्यांना गळी उतरवायचं. ग्रॅनाइटला नाही म्हणायचं, तेही अध्यक्ष दुखावणार नाहीत अशा बेताने. आणि लिफ्ट तरीही अडकली, तर शिव्या त्यालाच.

प्रॉडक्ट मॅनेजरच्या टेबलावर नेमकं हेच असतं, फक्त नावं बदलतात. समजा, तिच्याकडे सहा इंजिनिअर आणि दोन महिने आहेत. विक्रीच्या प्रमुखाने एका बड्या ग्राहकाला परस्पर शब्द दिला आहे, की अमुक रिपोर्ट दिवाळीआधी मिळेल. इंजिनिअर म्हणतात, जुना कोड इतका गुंतला आहे की आधी तो साफ करू द्या. ग्राहकसेवेवाल्यांकडे ओटीपी येत नसल्याच्या तक्रारींचा ढीग आहे. आणि संस्थापकाला विमानात शेजारच्या प्रवाशाने काहीतरी सुचवलं आहे. सगळं होणार नाही. काय होणार नाही हे तिने ठरवायचं, त्यामागचं कारण लिहून काढायचं आणि चारही जणांच्या समोर जाऊन ते सांगायचं. इंजिनिअरांना दिसणाऱ्या त्या बदनाम मीटिंगा म्हणजे मोठ्या प्रमाणात हेच असतं.

## मग प्रोजेक्ट मॅनेजर वेगळा कसा?

प्रोजेक्टला शेवट असतो. ठरलेलं काम, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पैशांत झालं की प्रोजेक्ट मॅनेजर जिंकला. प्रॉडक्टला शेवट नसतो. फीचर वेळेवर गेलं आणि कुणी वापरलंच नाही, तर प्रोजेक्ट मॅनेजरचं काम चोख झालं आणि प्रॉडक्ट मॅनेजरचं फसलं.

आपल्याकडे हा घोळ जरा जास्त होतो, आणि त्याला कारण आहे. पुण्या-मुंबईतला आयटी उद्योग मोठा झाला तो परदेशी कंपन्यांची कामं करून देण्यावर. अशा सर्व्हिस कंपनीत काय बनवायचं ते क्लायंट ठरवतो. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसलेला माणूस यादी पाठवतो आणि इथे ती पार पाडली जाते. तिथे यादी समजून घेऊन इंजिनिअरांना नीट लिहून देणाऱ्याला बिझनेस ॲनालिस्ट म्हणत, बोलीभाषेत बीए. अलीकडे त्याच खुर्चीवर ‘प्रॉडक्ट ओनर’ किंवा थेट ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ अशी पाटी लागू लागली. काम कमी दर्जाचं नाही; चांगला बीए टीमचे महिने वाचवतो. पण त्याला ‘हे बनवू नका’ म्हणायचा हक्क नसतो. कोर्स करून, मुलाखत देऊन, नवं पद मिळवून सहा महिन्यांनी ‘मी तर पूर्वीचंच काम करतोय’ असं म्हणणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडकलेली असते.

## ग्राहक मागेल ते द्यायचं, एवढं सोपं नाही का?

नाही. ग्राहकाला त्रास नेमका कुठे होतो ते तो खरं सांगतो, पण उपाय त्याने सांगितलेलाच असावा असं नाही. कधी कधी तर लोक वापरत असलेली, कुणीही काढा न म्हटलेली गोष्टसुद्धा काढावी लागते.

यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याबरोबर पैसे मागण्याचीही सोय होती. मित्राकडून हॉटेलचा वाटा यायचा आहे, तर तुम्ही विनंती पाठवायची आणि त्याने पिन टाकून ती मंजूर करायची. सोयीची, सभ्य कल्पना. ठगांनी तिचं सोनं केलं. तुम्ही जुना सोफा विकायला काढला की फोन येई, ‘पैसे पाठवतोय, तुम्ही फक्त पिन टाका.’ माणूस पैसे येतील म्हणून पिन टाकी आणि ते जात. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ अशा सूचना देऊन झाल्या, रकमेची मर्यादा दोन हजारांवर आणून झाली. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय बंद केली. यंत्रणा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष चालत होती. चूक होती ती माणसाच्या घाईबद्दल आणि भाबडेपणाबद्दल केलेल्या गृहीतात.

नाही म्हणण्याचं दुसरं टोक पाहायचं तर व्हॉट्सॲपचं पाहा. २०१४मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलर मोजायचं ठरवून ही कंपनी घेतली, तेव्हा तिथे जेमतेम ५५ माणसं होती. संस्थापक यान कूम यांच्या टेबलावर दुसरे संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी लिहिलेली चिठ्ठी असे: जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, चमत्कृती नाहीत. त्या चिठ्ठीतलं प्रत्येक ‘नाही’ हा प्रॉडक्टचाच निर्णय होता, आणि तिथे तो संस्थापकच घेत होते.

## कोडिंग यायलाच हवं का?

यायला हवं असं नाही, कळायला हवं. एखादी गोष्ट दोन दिवसांची आहे की दोन महिन्यांची, आणि का, हे इंजिनिअर सांगतो तेव्हा त्याचं म्हणणं समजावं इतपत. जास्त येत असेल तर उलट धोका असतो, कारण हात शिवशिवतात आणि माणूस इंजिनिअरच्या कामात नाक खुपसायला लागतो. एमबीए हवं का, यालाही असंच उत्तर आहे. मदत होते, अट नाही. फ्रेशर्सना थेट या कामात घेण्याचे प्रयोग झाले आहेत. गूगलने २००२मध्ये तिथल्याच मरिसा मायर यांच्या पुढाकाराने असा कार्यक्रम सुरू केला आणि तो गाजलाही. पण बहुतेक माणसं आधी दुसरं काहीतरी करून इथे येतात, आणि ग्राहकसेवेतून आलेली माणसं मला नेहमी जास्त तयारीची वाटतात. लोक कशाने वैतागतात हे त्यांनी फोनवर कानांनी ऐकलेलं असतं.

## ‘एअरबीएनबीने तर पीएम काढूनच टाकले!’

जून २०२३मध्ये एअरबीएनबी या प्रवाशांना घरं-खोल्या भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की डिझायनरांच्या एका परिषदेत बोलले, की आम्ही पारंपरिक अर्थाने प्रॉडक्ट मॅनेजमेंट हा विभाग ठेवलेला नाही. सभागृहात टाळ्या पडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ‘एअरबीएनबीने पीएम हाकलले’ अशी बातमी फिरू लागली. प्रत्यक्षात त्यांनी हे काम प्रॉडक्टच्या मार्केटिंगशी जोडलं होतं. जो वस्तू ठरवतो त्यालाच ती लोकांना समजावून सांगता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आणि काय बनवायचं याचा शेवटचा शब्द कुणाचा, तर बराचसा चेस्कींचा. म्हणजे निर्णय नाहीसे झाले नाहीत, ते वर गेले. स्वतः डिझायनर असलेला, कंपनी काढलेला आणि बारीकसारीक बघायची हौस असलेला मालक असेल तर हे जमतं. सगळ्यांकडे असा मालक नसतो. असला तरी दहा प्रॉडक्टं झाली की त्याचा दिवस पुरत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. टाळ्या उगाच पडल्या नव्हत्या. पैसा स्वस्त होता त्या काळात कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त पीएम भरले, आणि एकाच बटणावर तीन जणांचा हक्क असे प्रकार झाले. इंजिनिअरांचा राग बऱ्याचदा त्या अनुभवातून येतो.

## एआय हे काम खाणार का?

या कामाचा जो भाग कागदोपत्री आहे, तो एआय आत्ताच खातं आहे. पन्नास ग्राहकांच्या मुलाखतींचा गोषवारा, मीटिंगचं टिपण, फीचरचं वर्णन, बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची लांबलचक यादी नीट लावणं, हे सगळं मिनिटांत होतं. नमुन्याचं ॲपसुद्धा एखाद्या दुपारी उभं राहतं, त्यासाठी इंजिनिअरची मनधरणी करावी लागत नाही. ज्यांची नोकरी इकडचा कागद तिकडे नेण्याची होती, त्यांनी काळजी करावी हे बरं.

पण यूटीएसच्या त्या अटीकडे पुन्हा बघा. फुकट्यांकडून शंभर तिकिटं वसूल करण्यासाठी किती प्रामाणिक प्रवाशांना जिना उतरायला लावायचं? एआय दोन्ही बाजूंचे आकडे मांडून देईल, ‘इतकं चालेल’ असंही सांगेल. ते मान्य करून उद्या वृत्तपत्रात टीका आली की समोर उभं राहायला त्याला बोलावता येत नाही. शिवाय बनवणं स्वस्त झालं की सहा इंजिनिअर आणि दोन महिने ही सबबच उरत नाही. विक्रीवाल्याचा रिपोर्टही होईल आणि विमानातली कल्पनाही. पूर्वी वेळ नाही म्हणून जे आपोआप टळायचं, ते आता कुणीतरी तोंड उघडून टाळावं लागेल, नाहीतर ॲपमध्ये इतकी बटणं होतील की तुमच्या आईला वीजबिल भरायची जागा सापडणार नाही.

## नोकरी घेण्याआधी

मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ असं म्हणतात, तेव्हा बहुतेक जण घरून काम करता येतं का ते विचारतात. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या वर्षभरात तुमच्या टीमने ठरवून काय बनवलं नाही, आणि नाही कुणी म्हटलं?’

‘क्लायंटने’ असं उत्तर आलं, तर ते बीएचं काम आहे. ते आवडत असेल तर खुशाल घ्यावं. ‘आमच्या फाउंडरने’ असं आलं, तर तुम्ही त्यांचे निर्णय पार पाडणार आहात. माणूस चांगला असेल तर दोन वर्षं शिकायला उत्तम जागा. एखाद्या पीएमचं नाव आलं, तर तो किस्सा पूर्ण ऐकून घ्या, विशेषतः नकारानंतर त्या पीएमचं काय झालं तो भाग. आणि ‘आमच्याकडे नाही म्हणत नाहीत, सगळंच बनवतात’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर पगाराची बोलणी जरा ताणून धरा. शनिवार-रविवारचेही पैसे त्यातच धरायचे आहेत.